बाराने भागलेली थकबाकी

क्रेडिट कार्डाच्या मासिक स्टेटमेंटवर दोन आकडे शेजारीशेजारी छापलेले असतात. एक असतो एकूण देय रकमेचा आणि दुसरा किमान देय रकमेचा. सुमारे दीड वर्ष मी त्यांतला दुसराच आकडा वाचत होतो. पहिल्यावर नजर गेली की पोटात गोळा येई, म्हणून मोबाइलवर स्टेटमेंट उघडताना मी पडद्याच्या डाव्या बाजूवर अंगठा ठेवत असे आणि उजवीकडचा लहान आकडा पाहून तेवढे पैसे भरून टाकत असे. पैसे भरले की संदेश यायचा, त्यात आभार मानलेले असायचे, आणि महिन्याभरापुरते आपण आपले कर्तव्य पार पाडले आहे असे मला मनापासून वाटायचे.

कर्ज उधळपट्टीतून झालेले नव्हते. घरात अचानक एक शस्त्रक्रिया करावी लागली, पाठोपाठ नोकरीत चार महिन्यांचा खंड पडला, आणि त्या काळात कार्डच घरखर्च चालवत होते. नोकरी पुन्हा लागली तेव्हा थकबाकी एक लाखाच्या थोडी वर गेली होती. हिशेब सोपा राहावा म्हणून यापुढे मी नेमका १,००,००० हा आकडा धरतो. वाचकाने तो आपल्या चलनात आणि आपल्या परिस्थितीत वाचावा, कारण गणित सगळीकडे सारखेच चालते. व्याजाचा दर महिन्याला ३ टक्के धरू. तीन हा आकडा फार निरुपद्रवी दिसतो. कार्डाच्या दरपत्रकात मासिक दर ठळक आणि वार्षिक दर त्याच्या खाली बारीक अक्षरांत असेल, तर वाचणारा तीन टक्केच लक्षात ठेवतो, छत्तीस नव्हे.

लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ मध्ये एक ठोकताळा नोंदवून ठेवला आहे: ७२ ला वार्षिक दराने भागले की रक्कम दुप्पट व्हायला किती वर्षे लागतील ते अंदाजाने कळते. बहात्तर भागिले छत्तीस म्हणजे दोन. हात न लावलेली थकबाकी चक्रवाढीने दोन वर्षांत दुप्पट होते. हा नियम मला शाळेपासून ठाऊक होता, पण तो मी नेहमी बचतीच्या संदर्भात ऐकला होता. तोच आपल्यावर उलटा चालू शकतो, हे मनात आले नव्हते.

मी तर दर महिन्याला पैसे भरत होतो, मग थकबाकी कमी का होत नव्हती? किमान रक्कम थकबाकीच्या ५ टक्के असेल, म्हणजे सुरुवातीला साधारण पाच हजार, तर त्यांतले तीन हजार त्या महिन्याच्या व्याजातच जातात आणि मुद्दलाला जेमतेम दोन हजारांचा धक्का बसतो. पुढच्या महिन्यात थकबाकी किंचित घटते, त्यामुळे तिचे पाच टक्केही घटतात, आणि भरायची रक्कम आपोआप कमी होत जाते. ही घटती रक्कम पाहून दिलासा वाटतो. प्रत्यक्षात तिच्यामुळेच फेड लांबत जाते. कार्डावर एकही नवी खरेदी न करता अशी फेड केली, तरी थकबाकी निम्मी व्हायला सुमारे ३२ महिने लागतात. पूर्ण फिटायला नव्हे, निम्मी व्हायला. मी नव्या खरेद्याही करत होतो.

वॉरिक विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ नील स्ट्युअर्ट यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांना काल्पनिक बिले दाखवली होती. काहींच्या बिलावर किमान रक्कम छापलेली होती, काहींच्या बिलावर नव्हती. जे पूर्ण बिल भरणार नव्हते, त्यांच्यापैकी किमान रक्कम पाहिलेल्यांनी बरीच कमी रक्कम भरण्याची तयारी दाखवली. छापलेला तो लहान आकडा जहाजाच्या नांगरासारखा मनाला खाली ओढतो. हे वाचले तेव्हा माझ्या अंगठ्याची आठवण झाली, आणि हा दोष फक्त माझ्या स्वभावाचा नाही हे कळून थोडे हलकेही वाटले.

बॅलन्स ट्रान्सफर हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो एका बँकेच्या दूरध्वनीवर. दुसऱ्या बँकेच्या कार्डावरची थकबाकी आमच्या कार्डावर आणा, सहा महिने व्याज शून्य, असा तो प्रस्ताव होता. कल्पना सोपी आहे. नवी बँक आपल्या वतीने जुन्या बँकेचे पैसे भरते, तेवढी रक्कम नव्या कार्डावर आपल्या नावे टाकते, आणि ठरावीक मुदतीपर्यंत तिच्यावर शून्य किंवा अगदी कमी व्याज लावते. त्याबद्दल एकदाच काही टक्के शुल्क घेते. मुदत संपली की उरलेल्या रकमेवर नेहमीचा दर सुरू होतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रिचर्ड फेअरबँक आणि नायजेल मॉरिस या दोघांनी कार्डाच्या व्यवसायात ही पद्धत जोरात रुजवली. पुढे कॅपिटल वन ही कंपनी त्यांच्याच कामातून उभी राहिली. माहितीचे पृथक्करण करून वेगवेगळ्या ग्राहकांना वेगवेगळा दर द्यायचा, आणि दुसऱ्या बँकांचे व्याज देणारे ग्राहक सवलतीच्या दराने आपल्याकडे ओढायचे, अशी ती कल्पना होती. यात फसवणूक नाही. मात्र मुदतीत फेडणारे काही आणि मुदत उलटून गेल्यावर पूर्ण दराने व्याज देत राहणारे काही, असा दोन्हींचा हिशेब बँकेने आधीच केलेला असतो. आपण त्यांतल्या कोणत्या गटात जाणार हे आपणही आधीच ठरवायला हवे, आणि मी ते ठरवले नाही.

त्या पहिल्या वेळी शुल्क ५ टक्के होते. एक लाखाचे एक लाख पाच हजार झाले. पुढच्या महिन्यात जुन्या कार्डाची थकबाकी शून्य दिसली, आणि तो शून्य पाहून मला जे वाटले ते आजही आठवते: कर्ज फिटले असेच वाटले. ते दुसऱ्या कार्डावर जसेच्या तसे, किंबहुना पाच हजारांनी वाढून, बसले आहे हे डोक्याला माहीत होते, पण मनाने ते मानले नाही. नव्या कार्डावर मी सवयीने किमान रक्कमच भरत राहिलो. व्याज शून्य असल्यामुळे घाई वाटत नव्हती. सहा महिन्यांनी तिथे ७७,००० च्या वर रक्कम शिल्लक होती आणि तिच्यावर पुन्हा ३ टक्के सुरू झाले. दरम्यान रिकाम्या झालेल्या जुन्या कार्डावर, घरातले एक यंत्र बिघडले, एक प्रवास करावा लागला, अशा एकेका रास्त कारणाने चाळीस हजारांच्या आसपास रक्कम पुन्हा साचली. दोन्हींची बेरीज केली तर मी निघालो होतो त्याहून पुढे, म्हणजे खरे तर मागे, पोहोचलो होतो.

बॅलन्स ट्रान्सफरला लोक ‘एकाची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर’ म्हणतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर असाच अनुभव असतो. त्यांचे म्हणणे मला समजते, पण ते पूर्ण पटत नाही. टोपी फिरवल्याने काहीच बदलत नाही असे त्या म्हणीत गृहीत धरलेले आहे, आणि इथे एक गोष्ट नक्की बदलते: ठरावीक महिने आपण भरलेला प्रत्येक पैसा थेट मुद्दलाला लागतो. ही फार मोठी गोष्ट आहे. मी ती मिळवली आणि वाया घालवली, एवढेच.

यातून बाहेर पडायला मदत केली ती ताईने. ती एका कार्यालयात हिशेबाचे काम बघते आणि आकड्यांना घाबरत नाही. मी तिला सांगायला किती दिवस लावले ते सांगण्यासारखे नाही. ती रागावेल असे वाटले होते. तिने फक्त दोन्ही स्टेटमेंट मागितली, पहिल्या पानापासून वाचली, आणि विचारले, “महिन्याला नक्की किती बाजूला काढू शकतोस? अंदाजे नको, नक्की सांग.” मी सहा हजार म्हणालो. तिने माझ्या खात्याचे तीन महिन्यांचे उतारे काढायला लावले आणि आम्ही दोघे एका संध्याकाळी ते ओळीने वाचत बसलो. कधीकाळी घेतलेली आणि विसरलेली दोन सदस्यत्वे निघाली, न वापरलेल्या व्यायामशाळेचे शुल्क निघाले, आणि इतर किरकोळ गळतीही निघाली. रात्री जेवायला उठलो तेव्हा आकडा नऊ हजारांवर आला होता.

त्यानंतरचे काही महिने दोन्ही कार्डे कपाटात गेली. हातात आलेले थोडे जास्तीचे पैसे भरून दोन्हींची मिळून थकबाकी पुन्हा एक लाखाच्या आसपास आणली, आणि मग दुसऱ्या ट्रान्सफरचा विचार सुरू झाला. या वेळी प्रस्ताव होता बारा महिने शून्य व्याज आणि ३ टक्के शुल्क. ताईने कागदावर १,०३,००० लिहिले, खाली रेघ ओढून बाराने भागले, आणि ८,५८४ हा आकडा दोनदा गोल करून माझ्यासमोर सरकवला. “एवढे दर महिन्याला जमणार असेल तर अर्ज कर, नाहीतर करू नकोस.” माझ्या मते बॅलन्स ट्रान्सफरबद्दल कोणालाही सांगावे असे सगळ्यांत महत्त्वाचे जे आहे ते या एका भागाकारात आहे. थकबाकी अधिक शुल्क, भागिले सवलतीचे महिने. उत्तर आपल्या ऐपतीत बसते की नाही हे अर्ज करण्याआधी पाहायचे. बसत नसेल तर अधिक मुदतीचा प्रस्ताव शोधायचा, किंवा जेवढी रक्कम मुदतीत फिटेल तेवढीच हलवायची.

नऊ हजारांच्या हप्त्याने दोन्ही वाटांचा हिशेब आम्ही शेजारीशेजारी मांडला. थकबाकी जुन्या कार्डावरच ठेवून ३ टक्के व्याजाने दरमहा नऊ हजार भरले असते, तर चौदाव्या महिन्यात फेड पूर्ण झाली असती आणि व्याजापोटी २३,००० च्या वर रक्कम गेली असती. ट्रान्सफर केल्यास बाराव्या महिन्यात शेवटचे चार हजार भरून काम संपत होते आणि जास्तीचे गेलेले पैसे म्हणजे शुल्काचे तीन हजार. वीस हजारांहून अधिकची बचत, तीही तेवढाच हप्ता भरून. पण त्याच कागदावर दुसरीही एक गोष्ट दिसत होती. दरमहा पाच हजार भरत होतो त्याऐवजी नऊ हजार भरायला लागलो, एवढ्यानेच, ट्रान्सफर न करताही, फेडीचा काळ ३१ महिन्यांवरून १४ महिन्यांवर आणि व्याज साधारण ५५ हजारांवरून २३ हजारांवर येत होते. मोठी कामगिरी हप्त्याची होती. ट्रान्सफरने तिला बळ दिले. हे उलटे समजले की माझ्या पहिल्या खेपेसारखे होते.

शुल्काविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण तिथे माझी दिशाभूल झाली होती. पाच टक्के शुल्क आणि वर्षाला छत्तीस टक्के व्याज हे आकडे समोरासमोर ठेवले की शुल्क नगण्य वाटते. पण व्याज वर्षाचे असते आणि शुल्क त्या मुदतीचे. शिवाय शुल्क सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर लागते, आपण मात्र रक्कम दर महिन्याला परत करत जातो, त्यामुळे सरासरी पाहिली तर निम्म्याच्या आसपास रक्कमच आपल्याकडे उसनी असते. सहा समान हप्त्यांत फेडायच्या ट्रान्सफरवर ५ टक्के शुल्क असेल, तर ते महिन्याला सुमारे १.४ टक्के, म्हणजे वर्षाला १७ टक्क्यांच्या आसपास व्याज देण्यासारखे आहे. बारा हप्ते आणि ३ टक्के शुल्क असेल, तर तोच हिशेब वर्षाला साडेपाच टक्क्यांच्या आसपास येतो. ‘शून्य टक्के’ या दोन शब्दांखाली इतके वेगवेगळे भाव असू शकतात. काही ठिकाणी शुल्कावर करही लागतो. तो धरूनच भागाकार करावा. आणि थकबाकी इतकी थोडी असेल की दोन-तीन महिन्यांत तशीही फिटेल, तर शुल्क देऊन ती हलवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या खेपेला अटींचा कागद मी पूर्ण वाचला. बऱ्याच कलमांत विशेष काही नव्हते, पण तीन-चार ठिकाणी मी थांबलो. नव्या कार्डाची मंजूर मर्यादा थकबाकीपेक्षा कमी असू शकते, आणि त्या मर्यादेत शुल्कही बसवावे लागते. मग थोडी रक्कम जुन्या कार्डावरच राहते आणि तिच्यावर जुना दर चालू राहतो. एकाच बँकेच्या एका कार्डावरून दुसऱ्यावर अशी बदली सहसा करता येत नाही. आणि एकही हप्ता चुकला तर विलंब शुल्काबरोबर सवलतीचा दरही रद्द होऊ शकतो. बारा महिन्यांची सवलत चौथ्या महिन्यात एका विसरलेल्या तारखेमुळे जाणे, यासारखे दुःख नाही. मी पगार जमा होण्याच्या दुसऱ्या दिवशी नऊ हजार आपोआप वळते होतील अशी सूचना बँकेला देऊन ठेवली, कारण माझ्या इच्छाशक्तीवर माझा विश्वास उरला नव्हता आणि असण्याची गरजही नव्हती.

नव्या कार्डावर खरेदी करू नये, हे मात्र कागद वाचूनही मला नीट उमगले नव्हते. सवलतीचा दर हलवलेल्या रकमेला असतो, नव्या खरेदीला तो असेलच असे नाही. शिवाय कार्डावर आपल्याला जे काही दिवस बिनव्याजी मिळतात, ते मागचे बिल पूर्ण भरलेले असेल तरच मिळतात. हलवलेली थकबाकी शिल्लक असताना बिल पूर्ण भरलेले नसते, म्हणून अनेक कार्डांवर नव्या खरेदीला पहिल्या दिवसापासून पूर्ण दराने व्याज लागते. मी एक लहानशी खरेदी केली आणि पुढच्या स्टेटमेंटवर तिचे व्याज वेगळ्या ओळीत उभे राहिले. रक्कम क्षुल्लक होती. त्या दिवशी मी कार्ड कापून टाकले. खाते चालू ठेवून हप्ते भरायला कार्ड हातात असावे लागत नाही.

जुन्या कार्डानेही एक धक्का दिला. ट्रान्सफरची रक्कम तिथे जमा झाली, थकबाकी शून्य झाली, आणि तरी पुढच्या महिन्यात हजाराच्या आतबाहेरचे एक बिल आले. बँकेची चूक समजून मी फोन केला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे समजावले, “सर, मागच्या स्टेटमेंटची तारीख आणि पैसे जमा झाल्याची तारीख, यांच्यामधल्या दिवसांचं ते व्याज आहे.” व्याज रोजच्या शिल्लकेवर मोजले जाते आणि स्टेटमेंटच्या दिवशी आकारले जाते, आपण मध्येच पैसे भरले तरी मधले दिवस हिशेबात येतातच. हे बिल अनेकांना दिसतच नाही, कारण ‘ते कार्ड तर फिटले’ म्हणून कोणी स्टेटमेंट उघडत नाही, आणि मग त्या लहान रकमेवर विलंब शुल्क चढते. तसेच ट्रान्सफर पूर्ण व्हायला काही दिवस ते काही आठवडे लागू शकतात. तोवर जुन्या कार्डाचा हप्ता आपणच भरायचा असतो.

रिकाम्या झालेल्या कार्डाचे काय करावे, यावर माझे आणि ताईचे एकमत झाले नाही. तिचे म्हणणे, जुने खाते चालू ठेवावे, कारण एकूण मर्यादेच्या मानाने थकबाकी किती, हे प्रमाण क्रेडिट स्कोअर ठरवताना पाहिले जाते आणि खाते बंद केले की एकूण मर्यादा घटून ते प्रमाण वाढते. हे खरे आहे. पण मी एकदा त्या रिकाम्या मर्यादेवर चाळीस हजार साठवलेला माणूस होतो. मी खाते ठेवले, मात्र अर्ज देऊन त्याची मर्यादा एका महिन्याच्या किरकोळ खर्चाएवढी खाली आणून घेतली. स्कोअरचे थोडे नुकसान झाले असेल. ते मला चालले.

ज्याच्याजवळ महिन्याकाठी व्याजापलीकडे काहीच उरत नाही, त्याला हा मार्ग सुचवताना मला संकोच वाटतो. त्याचा भागाकार ऐपतीत बसणार नाही, आणि मुदत संपल्यावर शुल्काएवढे जास्तीचे कर्ज घेऊन तो त्याच जागी येईल. त्याने एका कार्डावरून दुसऱ्यावर उडी मारण्याआधी आपल्या बँकेकडे जाऊन स्थिती सांगावी, थकबाकी कमी दराच्या ठरावीक हप्त्यांत बदलून मिळते का ते विचारावे, कमी व्याजाचे वैयक्तिक कर्ज बसते का ते पाहावे. सांगण्याची लाज वाटते, हे मला ठाऊक आहे. मी ताईला सांगायला जितके महिने लावले, त्यांतल्या प्रत्येक महिन्याचे तीन टक्के मी मोजले आहेत.

शेवटचा हप्ता चार हजारांचा होता. तो वळता झाल्यावर मी आणखी दोन महिने दोन्ही कार्डांची स्टेटमेंट उघडून पाहिली. पहिल्या महिन्यात नव्या कार्डावर वार्षिक शुल्काची एक ओळ निघाली, ती भरली. दुसऱ्या महिन्यात दोन्हीकडे, डावीकडच्या आकड्याच्या जागीही आणि उजवीकडच्याही, शून्य होते. तेव्हा नव्या कार्डाचे खाते बंद करण्याचा अर्ज केला, थकबाकी नसल्याचे पत्र मागून घेतले, आणि ताईचा तो भागाकाराचा कागद त्या पत्राला टाचून ठेवला.